पाण्याचे मुद्दल आणि यंत्राचे हप्ते



शेतीच्या यंत्रांवर बोलावयाचे म्हटले म्हणजे नफ्यातोट्याचे आकडे ऐकावयास मिळतील अशी आपली अपेक्षा असणार. काही आकडे आम्ही देणार आहोतच. परंतु ज्या वहीत ते मांडले जातात तिच्यात पाण्यासाठी रकानाच नाही, याकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. उदाहरण घेतो ते अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागाचे. पाणी उपसणारी यंत्रे आणि त्या पाण्यावरचा मका खाणारी गुरांची आवारे तेथे एकमेकांच्या शेजारी उभी आहेत.

प्रदेश कोरडा. गार्डन सिटीच्या आसपास पाऊस वर्षाला अठरा-वीस इंच. मात्र जमिनीखाली ओगलाला नावाचा वाळूखडीचा पाणथर आहे. टेक्ससपासून दक्षिण डाकोटापर्यंत, आठ राज्यांत मिळून तो सुमारे १,७४,००० चौरस मैल पसरला आहे. त्यातले पाणी हजारो वर्षे मुरत आले. पश्चिम कॅन्ससमध्ये त्यात वर्षाला पडणारी भर बहुतेक ठिकाणी इंचभरही नाही.

आपल्याकडे मोट होती तोवर उपशाला बैलांच्या दमाची मर्यादा होती. इंजिनाला दम लागत नाही. त्या इंजिनाला फ्रँक झायबाख या शेतकऱ्याने जोड दिली ती फिरत्या नळाची. त्याचे पेटंट १९५२ सालचे. अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद असे १६० एकरांचे शेत घ्यावे, मधोमध पाण्याचे तोंड ठेवावे, आणि पाव मैल लांबीचा नळ चाकांवर उभा करून त्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखा फिरवावा. चार कोपरे कोरडे राहतात, सव्वाशे एकर भिजतात. जमीन सपाट करावी लागत नाही, सरी ओढावी लागत नाही, आणि एक माणूस अशी कित्येक वर्तुळे सांभाळतो.

पण विहीर, पंप आणि नळ यांवर एकदा पैसा घातला की त्याचे व्याज व झीज पिकाकडे पाहून कमी होत नाहीत. सव्वाशे एकर भिजवा की साठ, हप्ता तोच. मग ज्या पिकातून एकरी जास्तीत जास्त पैसा येतो तेच घेणे भाग पडते. ते पीक मका. आणि त्याला तेथे पावसाखेरीज पंधरा इंचांच्या आसपास पाणी द्यावे लागते. एका वर्तुळाचे ते होते सुमारे एकोणीस कोटी लिटर.

हा मका जातो कोठे? शेजारच्या फीडयार्डात. मांसासाठी गुरे पोसण्याची ही उघडी आवारे. विषय काही श्रोत्यांना रुचणार नाही, पण हिशेब समजून घेण्यासारखा आहे. समजा, तीस हजार जनावरांचे आवार आहे. दर जनावरामागे रोजचे सुके खाद्य दहा किलो धरले तरी एका दिवसाला तीनशे टन होते. मोजमापात शेकडा एक चूक झाली तर रोज तीन टन खाद्य इकडचे तिकडे! म्हणून खाद्य कालवणाऱ्या गाडीवरच वजनकाटा बसवलेला असतो. मका वाफवून रुळांखाली चपटा करतात. त्याने तो अधिक पचतो. रोज सकाळी एक जाणता माणूस गव्हाणीमागून गव्हाण पाहत जातो, कालचे किती उरले ते हेरतो आणि आजचे माप ठरवतो. आमच्या मते साऱ्या आवारातले मोलाचे उपकरण म्हणजे या माणसाचे डोळे. आणि येथेही स्थिर खर्च मानेवर बसलेला आहेच: कोंडवाडे रिकामे राहिले तरी गिरणीचे आणि गाड्यांचे हप्ते थांबत नाहीत.

आता दोन्ही हिशेब जोडून पाहा. एकरी पाच टन मका धरला तर सव्वाशे एकरांत सव्वासहाशे टन. खाद्यात दहात सात भाग मका असेल, तर एका वर्तुळाचे अख्ख्या हंगामाचे पीक या आवाराला तीन दिवस पुरते. जनावरे पितात त्याच्या सुमारे पन्नासपट पाणी ती मक्याच्या रूपाने खातात. पुष्कळ मका पूर्वेकडून रेल्वेनेही येतो, हे सांगितले पाहिजे. त्याचा अर्थ असा की विहिरी आटल्या तरी आवार काही काळ तग धरील. शेतकऱ्याला मात्र ती सोय नाही.

१९४८ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी प्रसिद्ध केली. कालव्याचे पाणी पावसाबरोबर पुन्हा येते, तेव्हा तेथे लाभ मोजणे रास्तच होते. ओगलालात खर्च होते ते मुद्दल, आणि वहीत ते उत्पन्न म्हणून दिसते. टेक्ससमधल्या एका शेतकऱ्याच्या खटल्यात १९६५ साली वरिष्ठ न्यायालयाने हे ओळखले, आणि आटणाऱ्या पाण्याची किंमत करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची मुभा दिली. म्हणजे रकाना उघडला तो सवलतीसाठी!

उत्तम यंत्राने हे सुटेल असे पुष्कळांना वाटले. कॅन्ससमध्ये सरकारी अनुदानाने नळाच्या तोट्या जमिनीजवळ आणल्या गेल्या. वाऱ्याने उडून जाणारे पाणी वाचू लागले. परंतु २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की एकूण उपसा घटण्याऐवजी वाढला. वाचलेले पाणी अधिक तहानेल्या पिकांना गेले. यात शेतकऱ्याचा लोभ पाहणे अन्यायाचे होईल. आपण सोडलेले पाणी शेजाऱ्याचा पंप ओढणार, हे ज्याला ठाऊक आहे त्याने एकट्याने काटकसर का करावी?

त्याच राज्याच्या वायव्य भागात, शेरिडन परगण्यात, शेतकऱ्यांनी या प्रश्नाला हात घातला. २०१२ सालच्या कायद्याचा आधार घेऊन त्यांनी स्वतःवरच बंधन मागून घेतले: २०१३ पासून पाच वर्षांत मिळून पंचावन्न इंच, अधिक नाही. कोणत्या वर्षी किती वापरावे ते ज्याचे त्याने ठरवावे. कोणी मक्याऐवजी ज्वारी घेतली, कोणी मातीतला ओलावा मोजणारी उपकरणे बसवली. मोठ्या नळापुढे ती अगदी स्वस्त. उपसा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक घटला. उत्पन्न थोडे उतरले, पण इंधनाचा, बियाण्याचा आणि खताचा खर्चही उतरला, आणि हाती राहणारा पैसा भीती होती तसा बुडाला नाही. पहिली मुदत संपल्यावर २०१८ साली, आणि पुन्हा २०२३ साली, हे बंधन पुढे चालू ठेवण्यात आले.