मे महिन्यांतील एक परीक्षा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ घरांचीं लेकरें आज अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत व नातवंडें तेथल्या हायस्कुलांत शिकत आहेत. मे महिना जवळ आला कीं, रविवारच्या फोनवर आजीआजोबांस उत्तर मिळतें, "मुलीची ए. पी. आहे, सध्यां तिला बोलावीत नाहीं." ही ए. पी. काय चीज आहे, हें येथें बसून समजत नाहीं. मी सारा जन्म शिक्षकाचा पेशा केला, तरी मलाहि समजलें नव्हतें. दोन वर्षांपूर्वीं न्यू जर्सींत लेकीच्या घरीं पांच महिने राहण्याचा योग आला तेव्हां तें समजलें. मात्र त्या समजण्याची किंमत माझ्या नातीला द्यावी लागली. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कुलांत असतांनाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकणें. हुशार मुलगा शाळेंत शिकलेलेंच कॉलेजांत पुनः घोकीत बसतो, अशी तक्रार १९५० नंतर तेथें होऊं लागली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन हीं विद्यापीठें व कांहीं नामांकित शाळा यांनीं विचार केला, फोर्ड फाउंडेशनच्या द्रव्यसाहाय्यानें प्रयोग झाले, आणि १९५५ सालीं कॉलेज बोर्ड नांवाच्या संस्थेनें तो कारभार हातीं घेतला. मूठभर मुलांकरितां काढलेली ही वाट आतां हमरस्ता होऊन बसली आहे. विषय सुमारें चाळीस. परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत. बहुतेक पेपर सुमारें तीन तासांचे. गुण १ पासून ५ पर्यंत, त्यांत ३ मिळाले म्हणजे पात्र. निकाल जुलैंत. एका पेपराची फी शंभर डॉलरांच्या आसपास पडते. चांगले गुण मिळाले तर पुष्कळ कॉलेजें तो विषय झाला असें धरतात, आणि तेथल्या कॉलेजची फी ज्यांनीं ऐकली आहे त्यांना हा लाभ लहान वाटणार नाहीं. (डार्टमथ कॉलेजनें मात्र २०१८ सालीं पदवीधर होणाऱ्या तुकडीपासून अशी सूट बंद केली.)

आतां ह्यांतील मेख सांगतों. वर्गांतील श्रेणी वेगळी आणि मे महिन्यांतील परीक्षेचे गुण वेगळे. श्रेणी शाळेच्या दाखल्यांत चढते, आणि पुष्कळ शाळांत ए. पी.च्या वर्गाला जादा वजन देतात. परीक्षेचे गुण मात्र सामान्यतः विद्यार्थ्यानें कळविल्यावांचून कॉलेजाकडे जात नाहींत. बारावीचीं मुलें पेपराला बसतात तेव्हां त्यांचा प्रवेश बहुधा ठरून गेलेला असतो. खरा जाच अकरावीच्या मुलांना. शिवाय २०१९ पासून नांवनोंदणी नोव्हेंबरांतच करावी लागते. म्हणजे पीक कसें येणार हें कळण्यापूर्वींच खंड ठरवून टाकायचा!

माझी नात अकरावींत होती. कॅल्क्युलस, इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास आणि रसायन, असे चार विषय. रसायनाच्या वर्गांत ती कशीबशी तग धरून होती. त्याच्या परीक्षेला नांव घालूं नये असें तिच्या मनांत होतें. लेक माझी औषधांच्या कारखान्यांत रसायनशास्त्रज्ञ. तिला तें पटेना. नोव्हेंबरांत फोनवर माझें मत विचारण्यांत आलें. मीं म्हटलें, "पेरलेलें कापायचें नाहीं तर पेरलें कशाला?" वाक्य मला तेव्हां फार आवडलें होतें.

मार्चमध्यें मी तेथें पोंचलों. रात्रीं दीड वाजतां पाण्याला उठलों तर पोरीच्या खोलींत दिवा. सकाळीं पावणेसातला शाळेची बस. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१४ सालींच सांगून ठेवलें आहे कीं, ह्या वयाच्या मुलांची शाळा साडेआठापूर्वीं भरूं नये. आणि निद्रारोगतज्ज्ञ त्यांना आठ ते दहा तास झोंप आवश्यक मानतात. कॅलिफोर्नियांत २०२२ पासून हायस्कुलांपुरता तसा कायदाहि लागूं झाला. आमची पोर पांच तासांवर दिवस काढीत होती. आणि मीं काय केलें? वेळापत्रक आंखून भिंतीवर चिकटविलें!

एवढ्यावर थांबलों नाहीं. शेजारच्या एका गृहस्थाकडून ऐकून तिला बजावलें कीं, उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोड, चुकीला गुण कापतात. ती हंसली. "आजोबा, तो नियम २०११ सालींच गेला. मी तेव्हां बालवाडींतहि नव्हतें." त्या आठवड्यांतलें तिचें तें पहिलें हसूं.

मग मीं तिला धीर द्यावा म्हणून हायमे एस्कालांते यांची हकीकत सांगितली. बोलिव्हियांत जन्मलेला हा शिक्षक पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कुलांत गरीब मुलांना कॅल्क्युलस शिकवी. पहिल्या तुकडींतील पांचजण परीक्षेला बसले, दोघे उतरले. १९८२ सालीं अठरा बसले व अठराहि उत्तीर्ण झाले. तेव्हां परीक्षकांना चौदाजणांचा संशय आला. त्यांतील बारा पुनः बसले, आणि बाराहि उतरले. गोष्ट संपवून मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलों. तिनें विचारलें, "आजोबा, संशय आल्याचें कळलें त्या दिवशीं त्यांच्या घरीं त्यांना काय म्हणाले असतील?" शिक्षक ह्या नात्यानें ती गोष्ट मला पाठ होती, हा प्रश्न कधीं सुचला नव्हता.

मे महिना म्हणजे आपला पवित्र मरियेचा महिना. त्या घरीं जपमाळ पांच दशकांवरून एकावर आली, मग तेंहि राहिलें. रसायनाच्या पेपराच्या सकाळीं पोर न्हाणीघरांत ओकली. आई दाराबाहेर उभी, मी आईच्या मागें उभा. कोणीं म्हटलें नाहीं कीं, जाऊं नको. मी म्हणूं शकलों असतों.

जुलैंत निकाल लागला. एके संध्याकाळीं ती माझ्याजवळ येऊन बसली व म्हणाली, "रसायनांत दोन आले. आईला तुम्ही सांगा." मीं म्हटलें, "दोघें जाऊं. सांगशील तूं; पण नोव्हेंबरांत मीं काय म्हटलें तें आधीं मी बोलतों." लेक मोरीपाशीं मासळी साफ करीत होती. तिनें माझें ऐकलें, मग तिचें ऐकलें. "निकाल केव्हां लागला?" "आठ दिवस झाले." लेकीनें सुरी खालीं ठेवली. "आठ दिवस तूं एकटीच?" एवढेंच ती म्हणाली, आणि तिचा आवाज मला ओळखूं आला नाहीं.

ते दोन गुण कोणत्याहि कॉलेजाला कळविण्यांत आले नाहींत. कळविण्याची गरजच नव्हती. पुढच्या वर्षीं नातीनें दोनच विषय घेतले. कोणते, हें तिनें आईला सांगितलें आहे. मला सांगितलेलें नाहीं, व मींहि विचारलेलें नाहीं.