कर्नाळ्याचा अंगठा आणि माझा डिओ

या भागात टेक्नॉलॉजीवर काही नाही. आज कर्नाळ्याच्या ट्रेकबद्दल बोलणार आहे, आणि तिथे मी जी माती खाल्ली तिच्याबद्दल.

मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल सोडलं की बारा-तेरा किलोमीटरवर कर्नाळा पक्षी अभयारण्य लागतं. १९६८ साली जाहीर झालेलं. समुद्र जवळ, हवा दमट, जंगल दाट. किल्ल्याची उंची दीड हजार फुटांच्या आसपास, आणि माथ्यावर सव्वाशे फुटी बेसॉल्टचा सुळका. लांबून अंगठाच वाटतो. या सुळक्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात.

जानेवारीतला रविवार. आम्ही चौदा जण आणि आमचे गाइड दादा. गेटवर प्लास्टिकच्या बाटल्या मोजून डिपॉझिट भरलं. मग दादांनी विचारलं, "डिओ, सेंट कुणी मारलंय का?" मी मारला होता. पण पहिल्याच मिनिटाला सगळ्यांसमोर कोण सांगणार? गप्प बसलो.

चढ सगळा झाडीतून. पायाखाली सागाची पानं वाजत होती. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करत होता, दादा थांबून तो दाखवत होते. दोन-अडीच तासांत किल्ल्याच्या दरवाजाशी पोचलो. तिथे दादा हळू आवाजात म्हणाले, "आता बोलायचं नाही. एक माशी चावली की नांगीतून वास सुटतो, त्या वासावर बाकीच्या येतात. सुळक्याखाली पळायला जागा नाही."

माझ्या शेजारी ग्रुपमधली सात वर्षांची मुलगी उभी होती. बाबांचा हात धरून. मग मात्र राहवेना. "दादा, मी डिओ मारलाय."

दादा ओरडले नाहीत. म्हणाले, "खालीच सांगायचं ना. पाण्यानं पुसलं असतं, टी-शर्ट बदलला असता. आता तुम्ही इथंच बसा."

पाऊण तास दरवाजाशी एकटा बसलो. बाकीचे सुळक्याच्या पायथ्याची पाण्याची टाकी बघून आले. ती मुलगी धावत येऊन म्हणाली, "काका, ते काळं काळं दिसतं ना, ते हलतं! लाट येते त्याच्यावर!" मी ते बघितलंच नाही.

ऑफिसात ज्युनिअर्सना मीच सांगतो, बग लपवू नका, सापडला त्याच दिवशी सांगा, तेव्हा तो स्वस्तात सुटतो. गेटवर माझा पाच मिनिटांत सुटला असता.

तुम्ही जाणार असाल तर पहाटे निघा, दोन लिटर पाणी घ्या, स्थानिक गाइड घ्या, आणि वास येईल असं अंगाला काही लावू नका. लावलंच असेल तर गेटवरच सांगा. लाज पाच मिनिटांची असते. अंगठा माझा अजून बाकी आहे.

चला, भेटूया पुढच्या भागात!