विद्यापीठातले ज्ञान आणि शाळेचा फळा

(हीरक महोत्सवी वर्षात वडोदरा येथे आपल्या शाळेत सुरू झालेल्या व्याख्यानमालेच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



या व्याख्यानमालेची कल्पना मांडली, तेव्हा आपल्या संस्थेतील एका ज्येष्ठांनी विचारले, "बाई, संशोधन हा का शाळेत सांगण्याचा विषय?" त्यांच्या शंकेमागे एक अनुभव होता. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका विद्वान प्राध्यापकांनी याच सभागृहात आपला शोधनिबंध तासभर इंग्रजीतून वाचून दाखवला. आभारप्रदर्शन माझ्याकडे होते. 'अत्यंत उद्बोधक' असे मी म्हटले. वास्तविक मला त्यातले फारच थोडे उमगले होते, आणि ते कबूल करण्याचे धैर्य नव्हते. सातवीतल्या एका मुलीने नंतर विचारले, "बाई, ते आपल्यावर रागावले होते का?" तेव्हा मी हसले होते. आज हसू येत नाही.

परंतु याच्या अगदी उलट असे उदाहरण आपल्यासमोर आहे. डॉ. जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे, पण वाढले बनारसला. वडील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या विदुषी. शाळा हिंदी माध्यमाची, घरात मराठी. घरात एक फळा होता. शिक्षणासाठी राहायला आलेले मोरूमामा त्यावर भाच्यासाठी एखादे अवघड गणित लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी घरातला तो फळा मला आपल्या शाळेच्या फळ्याचा सख्खा भाऊ वाटतो.

पुढे केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्यासमवेत गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडून जगभर नाव झालेला हा माणूस १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतला, आणि १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्याने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. नाव दिले नारायण विनायक जगताप. आपलीच आद्याक्षरे उलटी केली होती, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. जगताप या नावाला मिळालेले ते पारितोषिक मला फार मोलाचे वाटते. कारण तिथे परीक्षकांपुढे ना केंब्रिज होते, ना पद. होती ती केवळ मराठीत सांगितलेली गोष्ट. प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो, हे शोधनिबंधात समीकरणाने सांगता येते. गोष्टीत ते माणसाच्या वयातून सांगावे लागते. माझ्या मते दुसरे काम पहिल्याहून हलके नाही.

पुण्यात १९८८ साली आयुका उभी राहिली, तेव्हा मुलांसाठीही तिची दारे उघडी राहिली. दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांनी तिथले सभागृह भरू लागले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. आणखी एक गोष्ट मला विशेष भावते. विश्वाची उत्पत्ती महास्फोटातून झाली, हे बहुसंख्य शास्त्रज्ञांचे मत त्यांना मान्य नव्हते. सामान्य श्रोत्यांसमोरही ते आपले मतभेद झाकत नसत. एरवी आपण मुलांना विज्ञान शिकवतो ते सगळे निकाल लागून गेल्यासारखे. त्यात वाद चालू असतो, हे पाठ्यपुस्तकातून क्वचितच कळते. (हा दोष माझ्या तासांतही होता.)

आपली वडोदरा या बाबतीत दरिद्री नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्रयत्नाने कलाभवन उभे राहिले आणि तांत्रिक शिक्षणाला देशी भाषेची जोड मिळाली. सयाजी साहित्यमालेतून ज्ञानाची पुस्तके मराठीत आणि गुजरातीतही निघाली. आज त्याच महाराजांच्या नावाचे विद्यापीठ आपल्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथे कोणते काम चालते, हे आपल्या किती पालकांना ठाऊक आहे?

गेल्या जूनमध्ये एक वडील दाखला न्यायला आले. मुलगा हुशार, चौथीतला. म्हणाले, "बाई, मराठीतून शिकून तो शास्त्रज्ञ होईल का?" मी त्यांच्याशी वाद घातला नाही, दाखल्यावर सही केली. त्या टेबलावर माझ्याजवळ दाखवण्यासारखे काही नव्हते. ही व्याख्यानमाला मी त्यांच्यासाठी योजली आहे, असे म्हटले तरी चालेल. आज त्यांना आमंत्रण गेले आहे. आले असतील तर मागच्या रांगेत असतील.

पाहुण्यांना माझी एवढीच विनंती आहे. आपण मराठीत बोला, गुजरातीत बोला, हिंदीत बोला. आमच्या मुलांना तिन्ही भाषा कळतात. पारिभाषिक शब्द अडला तर फळ्यावर चित्र काढा. खडू नवे आणून ठेवले आहेत. आपल्या संशोधनात जे अजून सुटलेले नाही, तेही सांगा.

आणि विद्यार्थ्यांनो, दाराशी पोस्टकार्डांचा गठ्ठा ठेवला आहे. आज ज्याला काही कळले नाही, त्याने पहिले कार्ड घ्यावे. एक मी आधीच उचलले आहे.

सर, आता आपण यावे.