बागेंतील मावा आणि त्याचे शत्रू

थंडी सरत आली आणि लिंबोणीला नवी पालवी फुटूं लागली, कीं बागेची हौस असणाऱ्या घरांतून एक तक्रार हटकून ऐकूं येते. कोवळीं पानें आक्रसतात, त्यांवर चिकटा येतो, खालच्या पानांवर काजळीसारखा काळा थर चढतो. पान उलटून पाहिलें म्हणजे अपराधी सांपडतो. टांचणीच्या डोक्याएवढ्या काळपट किड्यांची तेथें दाट वस्ती असते. यालाच आपण मावा म्हणतों.

मावा सोंडेनें झाडाचा रस शोषतो. त्या रसांत साखर पुष्कळ आणि पोषक द्रव्य थोडें. म्हणून जादा साखर तो थेंबांच्या रूपानें बाहेर टाकतो. तोच चिकटा, आणि त्यावर वाढणारी बुरशी ती काजळी. आपल्याकडील उबदार हवेंत माव्याची मादी नराच्या संगतीवांचून जिवंत पिलें प्रसवते, आणि तीं पिलें आठ-दहा दिवसांत स्वतः प्रसवूं लागतात. आज एका शेंड्यावर दिसलेला मावा थोड्याच दिवसांत झाडभर होतो तो याच हिशेबानें.

तेव्हां सकाळीं नळीच्या पाण्याचा जोरदार झोत पानांच्या खालच्या अंगावर मारावा. मावा मऊ अंगाचा व मंद. खालीं पडलेल्यांपैकीं फार थोडे पुन्हां शेंड्यापर्यंत पोंचतात. दोन-तीन दिवसांच्या अंतरानें असें तीन-चार वेळां केलें, तर पुष्कळ घरगुती झाडांना याहून अधिक कांहीं लागत नाहीं. फार गुरफटलेले शेंडे खुडून टाकावे.

झाडावर मुंग्यांची रांग दिसली कीं लोक तिलाच दोष देतात. या मुंग्या पानें खाण्यास जात नाहींत, चिकट्यासाठीं जातात. आणि गवळ्यानें गुरें राखावीं तसा मावा राखून त्याच्या शत्रूंना हांकून लावतात. बुंध्याभोंवतीं कापडाची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर वंगण फांसावें. सालीवर थेट फांसूं नये. भिंतीला टेकलेली फांदीही छाटावी, नाहींतर मुंग्यांना आयता पूल मिळतो.

हे शत्रू कोण? लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा मुलांनाही ठाऊक असतो. पण त्याची अळी करडी, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा सुसरीसारखी दिसते, आणि माळी तिलाच कीड समजून चिरडतो. हें पाहून खरोखर हळहळ वाटते. कारण ती एकटी वाढीच्या काळांत शेंकडों मावे फस्त करते. सन २००२ मध्यें सांगली जिल्ह्यांत उंसावर लोकरी मावा आला आणि पुढें महाराष्ट्र व कर्नाटकांत दूरवर पसरला. तेव्हांही डिफा नांवाच्या पतंगाची अळी व मायक्रोमस हे भक्षक कीटकच मोठ्या उपयोगीं पडले. सरसकट विष फवारलें कीं असे मित्र मरतात, आणि उरलेला मावा निर्धास्त वाढतो.

पाण्याच्या झोतानें भागलें नाहीं, तर ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड १ लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, गाळून, त्यांत किंचित् साबण विरघळवावा, व संध्याकाळीं फवारावें. आधीं एकाच फांदीवर प्रयोग करून पानें करपत नाहींत ना, हें पाहावें. तंबाखूचा काढा पुष्कळजण सुचवितात. मला तो मुळींच पसंत नाहीं. तो वनस्पतीचा असला तरी त्यांतील निकोटिन हें जहाल विष आहे, आणि तें मधमाशीला व माणसालाही बाधतें.

शेणखत बेतानें घालावें, आणि युरियासारखें खत तर टाळावेंच. फाजील खतानें पालवी लुसलुशीत होते, आणि माव्याला तीच हवी असते. जवळपास कोथिंबीर किंवा बडीशेप फुलूं द्यावी. तिच्या फुलांवर येणाऱ्या कांहीं माश्यांच्या अळ्याही मावा खातात.

पपईची गोष्ट मात्र निराळी. तेथें पंख असलेला मावा क्षणभर सोंड टोंचून विषाणूचा रोग लावून निघून जातो. पानें पिवळीं, चित्रविचित्र होऊन फळांवर वलयें उमटलीं, कीं फवारणीचा उपयोग नाहीं. तें झाड उपटून नष्ट करावें, म्हणजे शेजारच्या अंगणांतील पपया तरी बचावण्याची आशा राहते.