काउन्सेलरकडे गेलो तर कुणाकुणाला कळतं?

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. सुरुवातीलाच सांगतो, या भागात जीव द्यावासा वाटण्याचा उल्लेख येणार आहे. सध्या तुमचं मन थाऱ्यावर नसेल तर हा भाग नंतर ऐका, किंवा कुणाला तरी शेजारी बसवून ऐका. आणि एक नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. १४४१६. तो कशाचा ते पुढे येईलच.

झालं असं की काही दिवसांपूर्वी एका मुलाचा मेसेज आला. इंजिनिअरिंगला आहे, सेकंड इयर. त्याने एकच ओळ लिहिली होती. "दादा, आमच्या कॉलेजला काउन्सेलर आहे, पण तिच्याकडे गेलो तर एचओडीला कळतं का?"

बघा, काउन्सेलिंगने फायदा होतो का, हे त्याने विचारलेलंच नाही. आपण मात्र सगळीकडे तेवढंच सांगत बसतो. मन मोकळं करा, बोलते व्हा, मदत मागा. पोस्टर लावतो, दहा ऑक्टोबरला सेमिनार घेतो. समोरच्या पोराचा प्रश्न वेगळाच असतो: मी बोललो तर ते कुठे कुठे जाणार?

मला हा प्रश्न लगेच कळला, कारण माझं बोलणं एकदा भलतीकडे गेलं होतं.

२०१६ साल. मी थर्ड सेमला. बारावीपर्यंत गणितात कधी नव्वदच्या खाली आलो नव्हतो. दहावीला तर गावात चौकात माझा फ्लेक्स लागला होता, एका बाजूला सरपंच, दुसऱ्या बाजूला मी. आणि इथे एम-थ्री डोक्यावरून जायला लागलं. लाप्लास ट्रान्सफॉर्म म्हणजे काय हे मला आजही नीट सांगता येणार नाही, पण तेव्हा प्रश्न फक्त लाप्लासचा नव्हता. रात्री झोप यायची नाही, पहाटे चारला डोळा लागायचा आणि दुपारी बाराला उघडायचा. मेसची वेळ टळून जायची. आंघोळ दोन-दोन दिवस नाही. लेक्चरला नाही, म्हणून अटेंडन्स नाही, म्हणून डिटेन्शनच्या यादीत नाव. आणि नाव यादीत आल्याची लाज वाटायची, म्हणून परत लेक्चरला नाही. चक्र पूर्ण.

आमच्याकडे जीएफएम असायचे. गार्डियन फॅकल्टी मेंबर. वीस-पंचवीस पोरांमागे एक सर, त्यांनी आपल्या मुलांकडे लक्ष द्यायचं. माझ्या जीएफएम सरांनी मला बोलावलं. स्टाफरूममध्ये. शेजारच्या दोन टेबलांवर दोन सर पेपर तपासत होते. सर म्हणाले, "मोकळेपणाने बोल, मला मोठा भाऊ समज." आणि खरं सांगतो, ते इतक्या प्रेमाने म्हणाले की मी बोललो. म्हटलं, "सर, झोप येत नाही. कधी कधी वाटतं, सकाळी उठूच नये."

पेपर तपासणाऱ्या एका सरांचं पेन थांबलं. ते मला अजून आठवतं.

संध्याकाळी पप्पांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पाच आले. रात्रीच्या एसटीने, उभ्याने. आमचं छोटं किराणा दुकान आहे, ते बंद ठेवून. हातात आईने दिलेला डबा. माझ्या कॉटवर बसले, खोलीभर बघितलं आणि विचारलं, "कुणी त्रास देतंय का? रॅगिंग वगैरे?" मी म्हटलं, नाही. "पैसे कमी पडतात?" नाही. "मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. असतं तर मी तिथे तसा पडून राहिलोच नसतो.

संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडीत चढताना म्हणाले, "आईला काही बोलू नको. मी पण नाही सांगत." म्हणजे बोलायला म्हणून आलेले पप्पा आणि बोलायला हवा असलेला मी, दोघंही आईपासून एक गोष्ट लपवून आपापल्या जागी परत गेलो. त्यानंतर दीड वर्ष मला कुणीही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं: "एकदम मस्त."

आता सरांबद्दल. ते वाईट माणूस अजिबात नव्हते. विद्यार्थी असं काही बोलला तर घरी कळवावं असं त्यांना वाटणं साहजिक आहे, आणि जिवाला खरंच धोका असेल तर कळवायलाच हवं. पण त्यांनी मला आधी सांगितलं नाही की हे घरी जाईल. विचारलं नाही की घरी कुणाशी बोलू, कसं बोलू. आणि हे सगळं दोन माणसांसमोर. डेटा स्ट्रक्चर्स शिकवणाऱ्या माणसाला आपण एक कागद देऊन मुलांचा 'मेंटॉर' करतो आणि हे कसं हाताळायचं ते कुणी शिकवत नाही. दोष त्यांच्यापेक्षा या व्यवस्थेचा जास्त, असं माझं मत आहे.

थर्ड इयरला रूम पार्टनर बदलला. हा लातूरकडचा, बोलायला एकदम सरळ. एकदा मी तीन दिवस खोलीबाहेर पडलो नाही. चौथ्या दिवशी त्याने माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि विचारलं, "भावा, खरं सांग. मरायचे विचार येतात का?"

आपल्याला वाटतं, असं थेट विचारलं तर माणसाच्या डोक्यात नसलेली गोष्ट आपणच घालू. तसं होत नाही. मानसोपचारातली मंडळी हे वर्षानुवर्षं सांगतायत. थेट विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. माझ्या बाबतीत तरी तसंच झालं. मी 'हो' म्हणालो. त्याने उपदेश केला नाही, पप्पांचं नाव काढलं नाही. म्हणाला, "बरं. आधी चहा पिऊ. बुधवारी मॅडम येतात, मी येतो सोबत."

बुधवारच्या मॅडम म्हणजे कॉलेजने त्या वर्षी नेमलेल्या काउन्सेलर. आठवड्यातून एक दिवस यायच्या. खोली लायब्ररीच्या मागे, पूर्वी तिथे ड्रॉइंग बोर्ड ठेवायचे. तेव्हा वाटलं होतं, काय अडगळीत जागा दिलीय. आता वाटतं, त्यापेक्षा चांगली जागा असूच शकत नव्हती. लायब्ररीकडे जाणारा पोरगा कुठे चाललाय हे कुणी विचारत नाही. मध्यंतरी एका कॉलेजात बोलायला गेलो होतो, तिथे काउन्सेलिंग सेंटर प्रिन्सिपलच्या केबिनला लागून, काचेचं दार, वर मोठी पाटी. फोटो फार छान येतात. आत जाणार कोण?

तर मॅडम. मी बसलो आणि त्यांनी माझी अडचण विचारायच्या आधी स्वतःच सांगितलं. इथे तू जे बोलशील ते माझ्यापाशी राहील. कॉलेजला मी फक्त किती मुलं आली एवढा आकडा देते, नावं नाही. अपवाद एक. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला कुणाला तरी सांगावं लागेल. पण ते मी आधी तुला सांगेन, आणि कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.

मी विचारलं, "पप्पांना फोन करणार?" त्या म्हणाल्या, आत्ता नाही. पाच मिनिटांनी मी परत विचारलं. चौथ्यांदा विचारल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "आधी कधी फोन गेला होता का?"

पहिला तास पूर्ण त्या फोनवरच गेला. एम-थ्रीचं नाव दुसऱ्या बुधवारी निघालं.

आत काय होतं, असं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून थोडक्यात. झोपवून बालपण विचारत नाहीत. सल्लेही फारसे देत नाहीत. मला एक वही दिली होती, तीन रकाने. काय घडलं, मनात काय आलं, आणि त्याला पुरावा काय. 'यावर्षी वायडी लागणार, सगळं संपलं' असं लिहायचं, मग पुढे पुरावा शोधायचा. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना हे लॉग वाचण्यासारखं वाटतं, आणि मला ते पटकन जमलंही. पण मन म्हणजे कोड नाही, एक बग सापडला की सगळं सुरळीत, असं होत नाही. दोन बुधवार बरे जायचे, तिसरा परत तळाला.

चौथ्या भेटीनंतर त्यांनी मला सायकिअॅट्रिस्टकडे पाठवलं. हा फरक लक्षात ठेवा. काउन्सेलर आणि सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेले डॉक्टर, औषधं ते देतात. मी सिव्हिल हॉस्पिटलला केसपेपर काढून रांगेत उभा राहिलो. पोटात गोळा आला होता. आमच्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की "याला येरवड्याला पाठवा" हा विनोद ठरलेला, मी स्वतःही तो केलेला होता. ओपीडीत पाहिलं तर दोन आज्ज्या, एक कंडक्टर, एक शाळेतली मुलगी, आणि मी. गोळ्यांनी पहिल्या दिवशी काही होत नाही, काही आठवडे जावे लागतात. मला सुरुवातीला तोंड कोरडं पडायचं, तेवढंच. डॉक्टरांना न विचारता मध्येच बंद करायच्या नाहीत, हे मात्र पक्कं.

एम-थ्री तिसऱ्या अटेम्प्टला सुटला. एक्केचाळीस मार्क. पासिंग चाळीस.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. कळतं का? कायद्याने, नाही कळायला पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्यात उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क आहे, आणि उपचार देणाऱ्यावर ती पाळण्याची जबाबदारी. जिवाला धोका वगैरे मोजके अपवाद आहेत, म्हणजे मॅडमनी सांगितलेले तेच. याच कायद्यात असंही आहे की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'पोलीस केस होईल' म्हणून बरेच मित्र दवाखान्यात न्यायलाच घाबरतात.

दुसरं, २५ जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. त्यात न्यायालयाने देशभरच्या शिक्षणसंस्थांना सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर हवा. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. हॉस्टेल, वर्ग, वेबसाइट सगळीकडे हेल्पलाइनचे नंबर मोठ्या अक्षरांत. आज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डपाशी जाऊन बघा, आहे का. मेसच्या दरपत्रकाखाली दडलेला असला तर तो धरू नका.

हे सगळं उगीच आलेलं नाही. एनसीआरबीच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्येने गेले, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सगळ्यात मोठा.

पण कायदा खोलीच्या आत येऊन बसत नाही, म्हणून त्या मुलाला मी हेही लिहिलं. आत गेल्यावर पहिला प्रश्न तू विचार. "मी बोललो ते कुणाकुणाला कळेल? तुम्ही लिहून ठेवता ते कुठे राहतं? घरी कळवायची वेळ आली तर मला आधी सांगाल का?" चांगला काउन्सेलर याचा राग मानत नाही. उत्तर गोलमोल आलं, किंवा काउन्सेलर म्हणून तुमच्याच विषयाचे सर बसलेत असं निघालं, तर हवापाण्याच्या गप्पा मारून बाहेर या आणि दुसरं दार शोधा.

दुसरं दार म्हणजे तो नंबर. १४४१६, टेलिमानस. केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. रात्री तीनला बुधवारची वाट बघत बसायचं नाही, यावर फोन लावायचा. आणि आत्ता या क्षणी जीव धोक्यात असेल तर ११२, आणि माणसाला एकटं सोडायचं नाही.

पप्पांचं सांगायचं राहिलं. गेल्या दिवाळीत गावी होतो. दुकानात दुपारची गिऱ्हाइकं नसतात, तेव्हा त्यांनी अचानक विचारलं, "त्या दिवशी मी काय बोलायला पाहिजे होतं?" नऊ वर्षं तो प्रश्न घेऊन बसले होते. मी म्हटलं, काही नाही पप्पा, एक दिवस राहायला पाहिजे होतं. ते म्हणाले, "राहणारच होतो. तूच म्हणालास, मस्त आहे सगळं."

असो. त्या मुलाचा परवा परत मेसेज आलाय. "दादा, काउन्सेलरची खोली नक्की कुठे आहे, हे कुणाला विचारू? ऑफिसमध्ये विचारलं तर कळेल ना सगळ्यांना." खरंय त्याचं. मी म्हटलं, कॉलेजच्या वेबसाइटवर बघ, नसेल तर लायब्ररीतल्या काकांना विचार. त्यांना सगळ्या खोल्या माहीत असतात आणि ते कारण विचारत नाहीत. तुमच्या कॉलेजात ही खोली कुठे आहे ते मला कळवा, कॉलेजचं नाव नको, फक्त जागा. पुढच्या भागात तुमची उत्तरं वाचून दाखवतो.