घोडं न्यायचं तर गाडी कशी बघावी?



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा मोठा बाजार भरतो. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हे गाव धुळे जिल्ह्यातच होतं. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरे, असे नाना जातींचे घोडे तिथे येतात. धुळे-जळगावकडचे पुष्कळ लोक तिथून जनावर आणतात. कोणी हौसेसाठी आणतो, तर कोणाचं सगळं घर लग्नसराईतल्या वरातीच्या घोड्यावर चालतं.

घोडा घेताना आपण दोन-दोन दिवस बाजारात फिरतो. दात बघतो, चाल बघतो, भोवरे बघतो. सौदा झाला की मात्र कोपऱ्यावर उभी असेल ती गाडी पाच मिनिटांत ठरवून टाकतो. तिथेच चुकतं. घोड्याचा पाय मोडला तर तो बहुधा पुन्हा कामाला येत नाही. कर्ज काढून आणलेलं जनावर घरी पोचण्याआधी लंगडं झालं, तर तो घाटा भरून निघायला वर्षं लागतात. म्हणून आज घोड्यासाठी लहान गाडी कशी निवडावी, एवढंच बघू.

घोडा म्हणजे बैल नव्हे

बैल गाडीत बसूनही प्रवास करतो. घोडा बहुधा उभ्यानेच करतो. त्याचे पाय लांब, धड उंच आणि निम्म्याहून अधिक वजन पुढच्या पायांवर. ब्रेक लागला की सगळा भार पुढे जातो, वळण आलं की बाजूला जातो. तोल सांभाळायला त्याला पाय फाकवावे लागतात आणि मान हलवावी लागते. गाडी बघताना हेच मनात ठेवावं : घोड्याला पाय रोवायला जागा आहे का, मान हलवायला जागा आहे का?

हौद्याचं माप

वरातीचा चांगला घोडा साडेतीन ते साडेचार क्विंटल वजनाचा आणि नाकापासून ढुंगणापर्यंत साधारण आठ फूट लांब असतो. लोक जिला ‘छोटा हत्ती’ म्हणतात, त्या गाडीचा हौदा साधारण सात फुटांचा. वजन ती ओढेल, पण घोडा तिच्यात मावत नाही. मान वाकडी करून उभा राहतो, आणि उंच जनावरामुळे वळणावर गाडीही डोलते. ती गाडी शिंगरासाठी किंवा लहान तट्टासाठी ठीक, मोठ्या घोड्यासाठी नको.

नऊ फूट हौद्याची पिकअप घ्यावी. तिची रुंदी साडेपाच फुटांच्या आसपास असते. तिच्यात एक घोडा आरामात जातो. दोन न्यायचे तर मध्ये आडोसा हवाच. मोटार वाहन नियमांत २०१५ साली दुरुस्ती झाली आणि जनावरांच्या गाडीत कप्पे असावेत असं ठरलं. त्यात घोड्याला सव्वादोन चौरस मीटर जागा सांगितली आहे. सोप्या भाषेत म्हणजे तीन फूट रुंद आणि सव्वाआठ फूट लांब. या हिशेबाने नऊ फुटी पिकअपमध्ये दोन मोठ्या घोड्यांना प्रत्येकी तीन फूट रुंदी मिळत नाही. भाडं वाचतं म्हणून कोंबू नयेत. दोन घोडे असतील तर मोठ्या हौद्याची गाडी बघावी.

टेप घेऊन जावं आणि स्वतः मोजावं. गाडीवाल्याच्या तोंडच्या मापावर जाऊ नये.

तळ

सगळ्यात आधी गाडीच्या खाली वाकून बघावं. फळ्या कुजल्या आहेत का? पत्रा गंजून पातळ झाला आहे का? घोड्याचा सगळा भार चार खुरांवर असतो, त्यामुळे कुजकी जागा पोत्यांना धरते पण खुराला धरत नाही. पाय आत गेला तर संपलंच.

गुळगुळीत पत्र्यावर मूत्र पडलं की तो साबण लावल्यासारखा होतो, आणि त्यात घोड्याला नाल असेल तर विचारूच नका. रबरी चटई मिळाली तर उत्तम. नाहीतर कोरडी वाळू पसरा, वर गोणपाट आणि त्यावर गव्हाचं काड. एकच घोडा असेल तर वाळू दोन इंच टाकावी. नऊ फुटी हौद्यात तिचं वजन साडेतीन-पावणेचार क्विंटल भरतं. त्याचा दुसरा फायदा असा, की पिकअपचे पाटे जड मालासाठी बनवलेले असतात, गाडी हलकी असली की ती उडते. वाळूच्या वजनाने ती दबून चालते आणि घोड्याला हिसके कमी बसतात. केळीची पानं मात्र अंथरू नका. आपल्याकडे ती फुकट मिळतात, पण पायाखाली सटकतात.

आधी त्या गाडीत काय वाहिलं हेही विचारावं. कपाशीच्या फवारणीचे डबे किंवा खतांची पोती नेली असतील तर हौदा पाण्याने धुऊन, वाळवून मगच घोडा चढवावा.

बाजू, आडोसा आणि छप्पर

पिकअपचे मूळ फाळके दीड-दोन फुटांचे. ते घोड्याच्या गुडघ्याला लागतात, अडवत नाहीत. बाजूने घोड्याच्या पाठीइतका उंच सांगाडा पक्का बसवलेला हवा. दोरीने बांधलेले बांबू चालणार नाहीत. सांगाड्याला धरून जोरात हलवून बघा. माणसाच्या हाताने हलला तर घोड्याच्या धक्क्याने निघेलच.

पुढे छातीच्या उंचीला एक आडवा दांडा आणि मागे ढुंगणाला टेकेल असे दोन दांडे. दांड्यांवर गोणपाट गुंडाळून शिवून घ्यावं. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत, त्यांत दोन घोड्यांच्या मध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू आणि मागे दोन मजबूत आडवे दांडे सांगितले आहेत. मधला आडोसा तळापर्यंत फळीने बंद करू नका. पाय फाकवायला खालची जागा मोकळी हवी. तारांची टोकं, खिळे, उघडे नट हाताने चाचपून बघा. डोळ्याच्या उंचीला तर काहीच टोकदार नको.

वर पाइपाच्या कमानी आणि ताडपत्री असेल तर तळापासून सात फुटांपेक्षा जास्त उंची हवी. मान वर केली की डोकं लागतं आणि घाबरलेला घोडा मग थांबत नाही. पुढून थोबाडावर वारा आणि धूळ येणार नाही असा आडोसा असावा, पण गाडी डब्यासारखी बंद नको. पूर्ण बंद व्हॅन असेल तर दोन्ही बाजूंना वर खिडक्या आहेत का आणि एक्झॉस्टचा धूर आत येतो का, हे इंजिन सुरू करून बघा.

चढवणं-उतरवणं

पिकअपचा तळ जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच असतो. घोड्याला उडी मारायला लावू नये. फळ्यांचा उतार सात-आठ फूट लांब, खाली न दबणारा, आडव्या पट्ट्या ठोकलेला असावा. तो नसेल तर गाडी मागे घेऊन बांधाला किंवा ओट्याला लावावी. आपल्या शेतात तर बांध असतोच.

चढवताना मोतद्दाराने पुढे चालावं. मागून काठी, आरडाओरडा नको. तोबऱ्यात मूठभर चंदी दाखवली तर काम लवकर होतं. एक क्रम पाठ करून ठेवा : चढवताना आधी मागचे दांडे लावायचे, मग तोंड बांधायचं. उतरवताना आधी तोंड सोडायचं, मग मागचे दांडे काढायचे. उलटं केलं तर मागे मोकळं वाटून घोडा मागे ओढतो आणि बांधलेल्या मानेवर अडकतो. गाठ ओढताच सुटेल अशी असावी. दावं इतकंच लांब ठेवा की मान हलेल, पण पाय त्यात अडकणार नाही.

एकच घोडा असेल तर तो चालकाच्या बाजूला उभा करावा. आपले रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते असतात. वजन डाव्या कडेला गेलं तर गाडी तिकडेच ओढते. मोठ्या ट्रकमध्ये घोडे आडवे उभे करतात, तिथे तोंड डावीकडे करावं, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांना ते बुजत नाहीत.

रस्ता आणि चालक

गाडी कितीही चांगली असली तरी चालक घाईचा असेल तर उपयोग नाही. नियमाने घोड्याच्या गाडीचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत हवा. धुळे ते जळगाव साधारण नव्वद किलोमीटर, म्हणजे न थांबता अडीच तासांहून अधिक लागतात. हे भाडं ठरवतानाच सांगून ठेवा. यावल-रावेरच्या लोकांना शहादा, शिरपूर, चोपडा हा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता सोयीचा, पण खड्डे बघून वेळ धरावा.

तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवा, पाणी दाखवा आणि दावं सैल करून मान खाली करू द्या. तासन्‌तास मान वर बांधून ठेवली तर नाकातली घाण खाली जाऊन फुप्फुसाला त्रास होतो. दोन दिवसांनी ताप, खोकला दिसला तर डॉक्टरांना ‘प्रवास झाला आहे’ हे आवर्जून सांगा. वैशाखात पहाटे निघा. पौषात पाठीवर झूल टाका.

आणि घर जर पंधरा-वीस किलोमीटरवर असेल आणि घोडा सुदृढ असेल, तर गाडीच नको. आपले आजोबा पायीच आणत होते.

कागद

निघण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून ‘प्रवासास योग्य’ असा दाखला घ्या, विक्रीची पावती जवळ ठेवा. ग्लँडर्स या रोगाची रक्ततपासणी झाली आहे का तेही विचारा. हा रोग माणसालाही होतो आणि लागण झालेला घोडा ठेवता येत नाही. आधीच्या फेरीतला आजारी घोडा त्याच गाडीतून गेला असेल, म्हणूनही हौदा धुणं महत्त्वाचं. धनुर्वाताची लस घोड्याला जरूर टोचून घ्यावी, कारण घोड्याला हा रोग फार लवकर होतो. घाईला आलेली गाभण घोडी नेऊच नका.

थोडक्यात ध्यानात ठेवा

हौदा नऊ फुटांचा. तळ वाकून बघितलेला. पायाखाली वाळू आणि काड. बाजूचा सांगाडा न हलणारा. पुढे-मागे गुंडाळलेले दांडे. डोक्यावर सात फुटांहून जास्त मोकळी जागा. चढवायला उतार किंवा बांध. चालक सबुरीचा.

अशी गाडी शंभर-दोनशे रुपये जास्त मागत असेल तर द्यावेत. ज्या घोड्यावर पुढची कित्येक वर्षं घर चालणार, त्याचा पहिला प्रवास सुखाचा होऊ द्या.