चारमिनारची गर्दी आणि मागचा खिसा

सुट्टीत मुलांना घेऊन हैदराबादला निघालात? १५९१ मधला चारमिनार, शेजारी लाडबाजारातल्या बांगड्यांचा लखलखाट. एका हाताला धाकटं, दुसऱ्या हातात पिशवी. मागच्या खिशातला मोबाइल नेमका तेव्हाच जातो. आपली ही तारांबळ चोराला बरोबर कळते! मग सालारजंग संग्रहालयातलं ते ठोके देणारं घड्याळ राहतं बाजूलाच, आणि मुलं रडकुंडीला येतात.

म्हणून निघण्यापूर्वी फोनचा आयएमईआय क्रमांक कागदावर लिहून घरी ठेवा. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की तो दिसतो. चोरी झालीच तर ११२ वर कळवा, पोलिसांत तक्रार द्या, सिमकार्ड बंद करा. लिहून ठेवलेला आयएमईआय क्रमांक देऊन आणि तक्रारीची प्रत जोडून सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर फोन ब्लॉक करता येतो.